महालातल्या ग्रंथयादीपासून सुरू झालेला व्यवसाय

गेल्या दोन महिन्यांत ओळखीच्या चार घरांतल्या मुलामुलींनी मला एकच प्रश्न विचारला: वेबसाइट बनवण्याची आवड आहे, तर त्यावर पोट भरता येईल का, आणि येत असेल तर आधी कोणता कोर्स करावा? प्रत्येकाला मी भेटून उत्तर दिले, पण तासाभराच्या भेटीत जे सांगायचे राहून गेले ते इथे सविस्तर लिहिते आहे. कोर्सविषयी माझ्याजवळ सांगण्यासारखे फारसे नाही. आवडीचा व्यवसाय होताना माझ्या कामात नेमके काय बदलले, एवढे मात्र मी खात्रीने सांगू शकते.

२०११ साली मी बी.कॉम. झाले आणि नागपुरात इतवारीतील एका ठोक व्यापाऱ्याकडे हिशेब लिहू लागले. दिवसभर टॅलीत नोंदी करायच्या, संध्याकाळी मानेवाड्याला घरी यायचे, आणि जेवणे आटोपली की भावाच्या जुन्या संगणकावर एचटीएमएल, सीएसएस आणि थोडे पीएचपी या वेबसाइट बनवण्याच्या भाषा शिकत बसायचे, असा माझा क्रम होता. त्यामागे कसलाही हेतू नव्हता. चार ओळी लिहाव्यात, ब्राउझर ताजा करावा आणि आपण लिहिलेले पडद्यावर जसेच्या तसे उमटलेले पाहावे, यात मला जो आनंद मिळे तो दुसऱ्या कशातच मिळत नसे.

नागपूरच्या महाल भागात माझ्या आजोळच्या घराजवळ एक जुने वाचनालय आहे. तिथल्या ग्रंथपालांना मी लहानपणापासून काका म्हणते. त्यांच्याकडे जवळजवळ नऊ हजार पुस्तकांची यादी संगणकावर टंकून ठेवलेली होती. ती इंटरनेटवर आली तर पुस्तक आहे की नाही हे सभासदांना घरूनच पाहता येईल, अशी त्यांची इच्छा होती. काम दोन रविवारांचे वाटले म्हणून मी होकार दिला. प्रत्यक्षात त्याला सात महिने लागले.

ती यादी युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये होती. त्या फॉन्टमध्ये संगणकाच्या दृष्टीने मराठी अक्षर नसतेच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी आकार बसवलेला असतो, आणि ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन पसारा म्हणून दिसतो. तो युनिकोडमध्ये आणायचा तर नुसते अक्षरास अक्षर बदलून भागत नाही. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी टंकलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर साठवावी लागते. रफाराचे याच्या उलट आहे: तो व्यंजनानंतर टंकलेला असतो आणि त्याला उचलून व्यंजनाच्या आधी न्यावे लागते. 'वर्षा'सारख्या शब्दाला एक नियम पुरतो. पण 'कार्तिक' आला की वेलांटी आणि रफार दोघेही एकाच अक्षराशी येऊन भिडतात, आणि आधी कोणाला हलवायचे हे ठरवावे लागते. या एका प्रश्नावर मी तीन आठवडे घालवले आणि ते तीन आठवडे मला अजूनही प्रिय आहेत.

रूपांतर झाले आणि यादी डेटाबेसमध्ये टाकली, तर सगळीकडे प्रश्नचिन्हे! मायएसक्यूएल या डेटाबेस प्रोग्रामची त्या वेळची मूळ मांडणी लॅटिन लिपीसाठीची होती. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि तक्ता व जोडणी या दोन्ही ठिकाणी ती पद्धत सांगितली नाही तर मराठी मजकूर वाटेतच गळून पडतो. ही गोष्ट मी नऊ हजार नोंदी पुन्हा भरून शिकले. पुढची अडचण शोधाची होती. 'दऱ्या' या शब्दातला ऱ्य संगणकावर दोन निरनिराळ्या रीतींनी लिहिता येतो: एक ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, आणि दुसरी साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधणाऱ्या प्रोग्रामच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. म्हणून साठवण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी, दोन्ही वेळा, शब्दाचे एकच रूप करून घ्यावे लागते.

एवढे करून यादी चालू झाली तेव्हा मला कृतकृत्य वाटले. काकांनी मात्र पहिल्याच दिवशी विचारले, की यादीत 'काळ' हा शब्द 'कावळा'च्या आधी कसा आला. मी त्यांना कारण समजावून सांगितले: युनिकोडच्या तक्त्यात ळ हे अक्षर ल च्या लगेच पुढे आणि व च्या आधी ठेवलेले आहे, तर आपल्या वर्णमालेत ते ह च्या नंतर येते, क्ष आणि ज्ञ यांना तर स्वतंत्र जागाच नाही, ती जोडाक्षरे म्हणून क आणि ज यांच्यामागे जातात, आणि त्यामुळे ज्ञ ने सुरू होणारी पुस्तके ज्योतिषाच्या पुस्तकांशेजारी जाऊन बसली आहेत. काकांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "कारण समजलं गं पोरी, पण यादी तर चुकलेलीच आहे ना?"

त्या वेळी मला त्याचे थोडे वाईट वाटले. पुढे व्यवसायात पडल्यावर समजले, की हौस आणि व्यवसाय यांच्यातले अंतर काकांनी त्या एका प्रश्नात मला दाखवले होते. हौसेने शिकणाऱ्याला कारण सापडले की समाधान होते. वापरणाऱ्याला यादी बरोबर हवी असते. मला ळ ची दुरुस्ती तेव्हा जमली नाही आणि मी ती सोडून दिली. तसे करण्याची मुभा मला होती, कारण मी पैसे घेतले नव्हते.

पैसे घेऊन केलेले पहिले काम २०१३ सालचे. घराजवळच्या एका शिकवणी वर्गाची वेबसाइट मी चार हजार रुपयांत करून देण्याचे कबूल केले. रक्कम कशी ठरवली, असे कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते; समोरच्याला जड वाटू नये एवढाच विचार मी केला होता. आधी पाच पाने ठरली होती, मग निकालांचे पान वाढले, मग छायाचित्रांचे, मग मुलांना गुण पाहता यावेत म्हणून लॉगिन. हिशेबनीस असल्यामुळे वेळेची नोंद ठेवण्याची सवय मला होती, आणि काम संपल्यावर त्या नोंदीची बेरीज केली तेव्हा ९६ तास भरले. म्हणजे ताशी बेचाळीस रुपयांहूनही कमी. त्यातून होस्टिंगचा, म्हणजे साइट ठेवण्याच्या जागेच्या भाड्याचा, खर्च वजा करायचा राहिलाच होता. शिकवणी वर्गाच्या चालकांचा यात काहीच दोष नव्हता. काय करायचे आणि काय करायचे नाही हे मी त्यांना लिहून दिले नव्हते, मग त्यांनी ते कशावरून ओळखावे?

त्यानंतर मी कोणतेही काम लेखी मसुद्याशिवाय घेतलेले नाही. तो मसुदा वकिली भाषेत नसतो. पाने किती, मजकूर कोण देणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, फेरबदल किती वेळा, आगाऊ रक्कम किती, आणि साइट लाइव्ह झाल्यावर देखभाल कोणाकडे, एवढ्या गोष्टी त्यात असतात. मजकुराच्या तारखेवर मी विशेष भर देते, कारण माझ्या अनुभवात कामे रखडतात ती कोडमुळे क्वचित, आणि 'आमच्याविषयी' या पानाचा मजकूर न आल्यामुळे नेहमी. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, आणि होस्टिंग ग्राहकाच्याच नावाने आणि त्याच्याच ईमेलवर घ्यायचे, हाही माझा नियम आहे. आधीच्या माणसाने डोमेन स्वतःच्या नावाने घेतले आणि पुढे तो फोनच उचलेनासा झाला, अशी प्रकरणे घेऊन लोक माझ्याकडे आले आहेत, आणि त्यांतल्या एका दुकानदाराला आठ वर्षे वापरलेला पत्ता कायमचा सोडावा लागला.

एका ग्राहकाने मात्र संपूर्ण काम घेऊन निम्मे पैसे बुडवले. नाव सांगण्याची गरज नाही. त्या निमित्ताने मी १९५७ चा कॉपीराइट कायदा वाचला आणि मला एक गोष्ट कळली, जी स्वतंत्रपणे काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असली पाहिजे. नोकरीत असताना लिहिलेल्या कोडची मालकी वेगळा करार नसेल तर मालकाची असते. पण स्वतंत्रपणे कंत्राटावर लिहिलेल्या कोडचा पहिला मालक सामान्यतः लिहिणाराच असतो, आणि ती मालकी दुसऱ्याकडे जाण्यासाठी लेखी हस्तांतर लागते. हस्तांतरपत्रात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. तेव्हापासून माझ्या मसुद्यात शेवटचे एक वाक्य असते: पूर्ण रक्कम मिळाल्यावर कोडचे सर्व हक्क कायमस्वरूपी ग्राहकाकडे जातील. हे वाक्य दोघांनाही सांभाळते.

२०१५ साली मी इतवारीची नोकरी सोडली, पण लगेच स्वतंत्र झाले नाही. आयटी पार्कमधल्या एका लहान कंपनीत आधीपेक्षा कमी पगारावर रुजू झाले. घरात कोणालाच हा निर्णय पटला नव्हता, आणि मला आजही तो माझ्या सगळ्या निर्णयांत सर्वांत शहाणपणाचा वाटतो. एकट्याने शिकलेल्या माणसाला आपले कोड दुसऱ्याने वाचल्याचा अनुभवच नसतो. माझ्या संगणकावर एकाच साइटच्या 'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरे' अशा नावांच्या प्रती पडलेल्या असत; तिथे पहिल्याच दिवशी मला गिट हे कोडमधला प्रत्येक बदल क्रमाने जपून ठेवणारे साधन शिकावे लागले. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते साधन २००५ सालीच तयार केले होते, आणि मी दहा वर्षांनी, गरज पडली तेव्हा, त्याच्याकडे वळले. माझ्या पहिल्या कोडवर वरिष्ठ ताईंनी एकतीस शेरे लिहिले. त्यांतल्या एकाही शेऱ्यात काम चालत नाही असे म्हटलेले नव्हते. व्हेरिएबलचे नाव वाचून अर्थ कळत नाही, ही चूक झाली तर वापरणाऱ्याला काय दिसेल, रिकामे नाव भरले तर काय होईल, ही फाइल सहा महिन्यांनी उघडणाऱ्याला हे कसे समजेल, असे ते प्रश्न होते. त्या एकतीस शेऱ्यांचा कागद मी जपून ठेवला आहे.

तीन वर्षांनी, २०१८ साली, स्वतंत्र होण्याची इच्छा मी घरी बोलून दाखवली. बाबा रागावले नाहीत. ते म्हणाले, "पगार बंद झाला तर सहा महिने घर कसं चालेल, ते आधी कागदावर मांडून दाखव." मी मांडले. आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत नोकरी सोडायची नाही, असे आमचे ठरले आणि त्याला आणखी पाच महिने लागले. त्या कागदावर मी एक गोष्ट मुद्दाम लिहिली होती: महिन्यातले सगळे तास बिलात लागत नाहीत. ग्राहकाशी बोलणे, अंदाजपत्रक देणे, वसुलीचे फोन आणि नवे शिकणे यांतच जवळजवळ निम्मा वेळ जातो, म्हणून पगाराला तासांनी भागून आलेल्या दराच्या किमान दुप्पट दर लावला तरच जुन्या उत्पन्नाशी बरोबरी होते. कंपन्या बिलातून टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर, कापतात, आणि ती कपात प्राप्तिकर खात्याकडच्या आपल्या पत्रकात दिसते आहे का हे दर तिमाहीला पाहावे लागते. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी करावी लागते. वाणिज्य शाखेत गेलेली वर्षे वाया गेली, असे जे मला सांगत असत त्यांना हे दिसत नव्हते, की या धंद्यातली चांगली चांगली माणसे कोडमध्ये हुशार असूनही हिशेबात अडकतात.

आता त्या प्रसंगाविषयी, ज्यानंतर मी स्वतःला व्यावसायिक म्हणू लागले.

काटोलच्या बाजूच्या काही संत्रा बागायतदारांनी एकत्र येऊन थेट ग्राहकाला पेट्या विकायचे ठरवले आणि त्यांची साइट माझ्याकडे आली. आंबिया बहाराची फळे नोव्हेंबर-डिसेंबरात येतात. वर्षाची सगळी विक्री त्या थोड्या आठवड्यांत व्हायची असते. मी साइट केली, पैसे भरण्याची सोय जोडली, दहा वेळा चाचणी घेतली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती चालू केली. नवव्या दिवशी ठाण्याहून एका आजींचा फोन आला. पैसे खात्यातून गेले होते, पेटी आली नव्हती, आणि आमच्याकडे त्यांच्या नावाची ऑर्डरच नव्हती.

चूक माझी होती. ग्राहक पैसे भरून साइटवर परत आला की त्या परतीच्या पानावर ऑर्डरची नोंद होईल, असे मी कोडमध्ये धरले होते. माझ्या चाचणीत दर वेळी मी परत येत होते. पण खरा ग्राहक मोबाइलवर यूपीआयचे ॲप उघडतो, तिथे पैसे भरतो आणि काम झाले म्हणून फोन खाली ठेवतो. किंवा तेवढ्यात नेटवर्क जाते, किंवा मागचे ब्राउझरचे पान फोन स्वतःच बंद करून टाकतो. पैसे जातात, परतीचे पान उघडतच नाही आणि ऑर्डर जन्मालाच येत नाही. यावरचा योग्य मार्ग असा, की पैसे मिळाल्याची वर्दी पेमेंट गेटवेच्या, म्हणजे साइटसाठी पैसे स्वीकारणाऱ्या सेवेच्या, सर्व्हरने आपल्या सर्व्हरला थेट द्यावी, ग्राहकाच्या फोनवर विसंबू नये. त्याला वेबहुक म्हणतात. ती सोय कागदपत्रांत स्पष्ट दिलेली होती. मी ते पान वाचले होते आणि नंतर करू म्हणून ठेवले होते.

त्या रात्री मी गेटवेवरच्या सगळ्या जमा रकमा एका बाजूला आणि आमच्या ऑर्डरी दुसऱ्या बाजूला मांडून जुळवणी केली. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकलेले बँक जुळवणी पत्रकच ते. सतरा नोंदी निघाल्या ज्यांत पैसे होते आणि ऑर्डर नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागायतदारांच्या प्रमुख भाऊंना फोन करून जसे घडले तसे सांगितले. ते क्षणभर थांबले आणि एवढेच म्हणाले, "लोकांना आधी फोन करा, मॅडम, बाकीचं मग पाहू." त्या सतरा जणांना मी स्वतः फोन केले. चौदा जणांनी पेटी मागितली, तिघांनी पैसे परत मागितले. पुण्याच्या एका गृहस्थांनी वीस मिनिटे मला ऐकवले, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी योग्य होते.

वेबहुक जोडताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते: तीच वर्दी दोनदा येऊ शकते, म्हणून एका पेमेंट क्रमांकावर एकच ऑर्डर होईल असे बंधन डेटाबेसमध्येच घालावे लागते, नाहीतर एका पैशात दोन पेट्या जातात. हे दोन्ही बदल तीन दिवसांत झाले. त्यावर मी रोज रात्री अकरा वाजता आपोआप चालणारा जुळवणीचा प्रोग्राम लिहिला, जो रकमा आणि ऑर्डरी ताडून पाहतो आणि एकाही रुपयाचा फरक दिसला तर मला संदेश पाठवतो. आज मी पैशाच्या व्यवहाराची कोणतीही साइट या जुळवणीवाचून लाइव्ह करत नाही. त्या तीन दिवसांचे बिल मी लावले नाही. बागायतदारांनी पुढच्या वर्षी काम माझ्याकडेच ठेवले.

त्याच साइटने मला माझे खरे क्षेत्रही दाखवले. ग्राहकांना जाणारे संदेश मराठीत हवे होते, आणि तेव्हा कळले की इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात तर देवनागरीत केवळ ७०, त्यामुळे सरळ भाषांतर केलेला संदेश दोन-तीन संदेशांचा खर्च करतो. मजकूर सत्तर अक्षरांत बसवण्यासाठी मला कोडपेक्षा मराठीच अधिक लागली. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याचे सांगितले तर, फॉन्टमध्ये सोय असल्यास, ल आणि श यांची मराठी वळणे उमटतात. ते सांगितले नाही तर बहुतेक फॉन्ट हिंदी वळणे दाखवतात. इंग्रजीसाठी ठरवलेल्या ओळींच्या अंतरात आपल्या वेलांट्या आणि उकार एकमेकांना भिडतात. ही सगळी माहिती माझ्याजवळ वाचनालयाच्या यादीपासून साठत आली होती, आणि ती पैसे देऊन घेण्याजोगी आहे याची मला कल्पनाच नव्हती. आज माझ्या कामांपैकी निम्म्याहून अधिक कामे याच कारणाने येतात: शाळा, प्रकाशक, पतसंस्था, जुन्या फॉन्टमध्ये अडकलेला मजकूर घेऊन येणारी माणसे. म्हणून कोणता कोर्स करावा असे विचारणाऱ्यांना मी उलट विचारते, की तुम्ही कोणी न सांगता कशात रात्री घालवल्या आहेत.

यंदाच्या उन्हाळ्यात वाचनालयाचे सर्व्हर बदलायचे होते. त्या कामाचे आता रीतसर बिल होते आणि काका ते दरवर्षी आठवणीने चुकते करतात. बिल लावायचे म्हटल्यावर ळ चा प्रश्न तसाच ठेवणे मला शक्य नव्हते. मे महिन्यातल्या दुपारी, कूलरसमोर बसून, मी प्रत्येक शीर्षकासाठी वर्णमालेतला क्रम सांगणारी, वाचकाला न दिसणारी एक वेगळी किल्ली तयार करणारा भाग लिहिला. यादी आता त्या किल्लीने लावली जाते. 'कावळा' पुढे आला, 'काळ' मागे गेला, ज्ञ ची पुस्तके शेवटी जाऊन बसली. नऊ हजारांची यादी आता अकरा हजारांवर गेली आहे. काकांना पडद्यावर वाचायला त्रास होतो, म्हणून मी ती छापून नेऊन दिली. आठ दिवसांनी त्यांनी लाल पेनाने खुणा केलेला गठ्ठा परत दिला. दोन चुका होत्या, दोन्ही शब्दाच्या मध्ये येणाऱ्या क्ष च्या. एक मी त्याच संध्याकाळी दुरुस्त केली आणि दुसरीवर या आठवड्यात काम चालू आहे.